मूकपट मुका होता का? ‘द आर्टिस्ट’विषयीची मते आणि वऱ्हाडचा विसरलेला प्रेक्षक

१/ मिशेल हाझानाविसियस यांचा ‘द आर्टिस्ट’ २०११ मध्ये आला. कृष्णधवल, जवळजवळ संपूर्ण मूक, आणि विषयही मूकपटांच्या अस्ताचाच. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. या चित्रपटाविषयी प्रेक्षक जे बोलतात, त्यातून चित्रपटापेक्षा प्रेक्षकांच्या इतिहासविषयक समजुतीच अधिक उघड होतात. त्या समजुती अमरावती आणि अकोल्याच्या भूमीवर कितपत टिकतात, हे तपासणारा हा धागा.

२/ मते साधारण चार प्रकारची असतात. पहिले: संवाद नाहीत, मग पैसे कशाचे? दुसरे: केवढा शांत, निर्मळ होता तो काळ! तीसरे: जुना सिनेमा अगदी असाच दिसत असे. चौथे: नायक आपल्या अहंकाराने बुडाला, काळाबरोबर बदलला असता तर तरला असता. चारही मते प्रामाणिक आहेत. त्यांतील पहिले मत सर्वांत उथळ समजले जाते. इतिहासाच्या सर्वांत जवळ मात्र तेच आहे.

३/ जानेवारी २०१२ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या एका चित्रपटगृहात काही प्रेक्षकांनी ‘द आर्टिस्ट’ मूक आहे हे कळल्यावर तिकिटाचे पैसे परत मागितले. वृत्तपत्रांनी ती बातमी हसत हसत छापली. रसिकांनी त्या प्रेक्षकांना अडाणी ठरवले. परंतु ‘मोजलेल्या पैशांत काय मिळणार?’ हा प्रश्न चित्रपटाइतकाच जुना आहे, आणि भारतीय चित्रपटाला तो पहिल्याच वर्षी विचारला गेला होता.

४/ दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये सर्वांसाठी लागला. पुढे तो सुरतेला गेला तेव्हा पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, असे सांगितले जाते. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय होती; तासा-दीड तासाचा खेळ त्याला अपुरा वाटला. फाळक्यांनी प्रेक्षकाला नावे ठेवली नाहीत. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे!

५/ या जाहिरातीत कलेविषयी एक शब्द नाही. मोजमाप आहे. फाळक्यांना आपला प्रेक्षक ठाऊक होता, म्हणून त्यांनी त्याच्याच हिशेबात उत्तर दिले. सुरतेचा तो प्रेक्षक आणि लिव्हरपूलचा हा प्रेक्षक एकाच जातीचे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या जातीला तुच्छ लेखू नये. तिच्याच आण्या-पैशांवर हा धंदा उभा राहिला.

६/ आता दुसरे मत: तो काळ शांत होता. पडदा मुका होता, हे खरे. चित्रपटगृह मात्र मुके नव्हते. पडद्याखाली पेटी-तबला किंवा व्हायोलिन असे. दृश्यांच्या मधे अक्षरांच्या पाट्या येत आणि त्या मोठ्याने वाचून दाखवणारी माणसे असत. १९३१ च्या जनगणनेतही देशातील साक्षरता दहा टक्क्यांच्या आतच होती. पाट्या नुसत्या दाखवून भागले असते, तर बहुसंख्य प्रेक्षकांना कथाच कळली नसती. ज्याला वाचता येई, त्याने शेजाऱ्यासाठी वाचायचे, हा साधा व्यवहार होता.

७/ वऱ्हाडच्या प्रेक्षकाचे कान तर आधीपासून तयार होते. कीर्तन, भारूड, दंडार, खडी गंमत: यांतील एकही प्रकार गप्प बसून पाहण्याचा नाही. संगीत नाटकाला ‘वन्स मोअर’ची दाद मिळे. अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्याच सुमारास रंगभूमीवर आले. ज्या प्रांतात अशी नाटके गाजत, तिथला माणूस चित्रपटासमोर अचानक मौनव्रत घेऊन बसला असेल, हे संभवत नाही.

८/ चित्राबरोबर निवेदन ही जोडीही नवी नव्हती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर टाकायची, ती हलती भासवायची आणि सोबत कथा सांगायची, असा तो प्रकार. जपानमध्ये मूकपटाशेजारी उभा राहून कथा सांगणाऱ्या ‘बेन्शी’ला नटाइतकी प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडच्या पाटी वाचणाऱ्याला प्रतिष्ठा सोडाच, नावही उरले नाही.

९/ येथे ‘द आर्टिस्ट’ आणि मूळ मूकपट यांच्यातला पहिला मोठा फरक दिसतो. लुडोविक बूर्स यांचे संगीत त्या चित्रपटाच्या फितीवरच आहे. पॅरिसला जे ऐकू येते तेच पुण्याला. मूकपटाच्या काळी संगीत ज्या त्या चित्रपटगृहाचे असे. तीच फीत सोमवारी अकोल्यात आणि पुढच्या सोमवारी अमरावतीत लागली, तर पेटीवाला वेगळा, वाचणारा वेगळा, म्हणून खेळही वेगळा. चित्र बाहेरून येई, आवाज मात्र गावचा असे.

१०/ अभिनेत्री किम नोव्हाक यांनी जानेवारी २०१२ मध्ये ‘द आर्टिस्ट’वर तीव्र आक्षेप घेतला. ‘व्हर्टिगो’ या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचे संगीत त्यात वापरले होते. उसने संगीत म्हणजे उसनी भावना, असा त्यांच्या तक्रारीचा रोख होता. बोलपटांच्या अभिनेत्रीचे हे मत समजण्याजोगे आहे. मूकपटाच्या वादकाला मात्र त्यात गैर काय, हेच कळले नसते. नाटकातले पद, भजनाची चाल, जे हाताशी आणि प्रसंगाला शोभेल ते वाजवणे हाच त्याचा धर्म होता.

११/ तिसरे मत: जुना सिनेमा असाच दिसे. ‘द आर्टिस्ट’ रंगीत फितीवर चित्रित झाला आणि नंतर कृष्णधवल केला गेला. तो सेकंदाला २२ चौकटींच्या वेगाने टिपून २४ च्या वेगाने दाखवला जातो, म्हणून माणसे किंचित चपळ भासतात. मूकपट मात्र बहुधा हाताने फिरवलेल्या यंत्रावर, त्याहून कमी आणि कमी-जास्त होणाऱ्या वेगाने टिपले जात. पुढे तेच बोलपटाच्या ठरलेल्या वेगाने दाखवले गेले. जुन्या चित्रपटांत माणसे तुरुतुरु पळतात, हा विनोद तिथे जन्मला. तो त्या काळाचा दोष नाही, नंतरच्या यंत्राचा आहे.

१२/ शिवाय जगभरातील पुष्कळ मूकपट निव्वळ काळे-पांढरे नव्हते. फिती रंगात बुडवल्या जात: रात्रीला निळा, आगीला तांबडा. म्हणजे ‘द आर्टिस्ट’मधील स्वच्छ, करडा भूतकाळ हा एकविसाव्या शतकाने स्वतःसाठी रंगवलेला भूतकाळ आहे. तो सुंदर आहे. परंतु त्याच्याकडे बोट दाखवून ‘आजोबांनी असाच सिनेमा पाहिला’ असे म्हणता येत नाही.

१३/ चौथे मत अधिक महत्त्वाचे. नायक जॉर्ज व्हॅलेंटिन बोलपटाला हसतो, हट्टाने स्वतःचा मूकपट काढतो आणि बुडतो. बहुतेक प्रेक्षक यातून अहंकाराचा धडा घेतात. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी पुढील परिच्छेद सोडून द्यावा. ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी शेवटचे मिनिट आठवावे.

१४/ शेवटी व्हॅलेंटिन एकच लहानसे वाक्य उच्चारतो आणि त्याच्या इंग्रजीत फ्रेंच वळण ऐकू येते. साऱ्या कथेचा अर्थ तिथे बदलतो. हॉलिवूडचा लाडका नायक परक्या उच्चाराचा होता. मूकपटात ते कुणाला कळले नाही. बोलपटात लपले नसते. त्याच्या मौनामागे अहंकार होताच, परंतु भीतीही होती. बरेच प्रेक्षक हे वाक्य हसून सोडून देतात. भारतीय प्रेक्षकाने तरी ते सोडू नये, कारण ही कथा त्याच्या घरातली आहे.

१५/ ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याचे नायक मास्टर विठ्ठल हे मराठी मूकपटांचे धाडसी तारे. त्यांची उर्दू बेताची असल्याने बोलण्याचे प्रसंग कमी ठेवले गेले आणि नायक बराच काळ अर्धवट शुद्धीत दाखवला गेला, असे चित्रपट-इतिहासकार नोंदवतात. पहिल्या भारतीय बोलपटाचा नायक जवळजवळ मूकच! विठ्ठल यांना पुढे आधार मिळाला तो मराठी बोलपटांत.

१६/ दुसरे उदाहरण सुलोचना म्हणजेच रूबी मायर्स यांचे. बगदादी ज्यू घराण्यातील ही अभिनेत्री मूकपटांची सर्वांत महागडी तारका होती. बोलपट आल्यावर त्यांची हिंदुस्थानी कच्ची ठरली. त्यांनी काम थांबवून भाषा शिकली आणि परत येऊन आपल्याच मूकपटांचे बोलपट केले. १९२८ चा ‘अनारकली’ १९३५ मध्ये पुन्हा झाला. त्या काळाबरोबर बदलल्या. तरीही पूर्वीचे सिंहासन फार काळ टिकले नाही. ‘बदलला असता तर तरला असता’ हे मत इथे अपुरे पडते.

१७/ वऱ्हाडच्या दृष्टीने याचा अर्थ काय? १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला हा मराठी मुलूख. गावात मराठी, बाजारात हिंदी, अकोला-अचलपूरच्या मोहल्ल्यांत उर्दू. मूकपटाला याची अडचण नव्हती. एकाच फितीवर दोन-तीन भाषांतील पाट्या असत. एकाच बाकावर बसलेले तिघे आपापल्या भाषेत तीच कथा ऐकू शकत. बोलपटाने पहिल्यांदा विचारले: खेळ कोणत्या भाषेचा? १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोनदा घडवावा लागला, तो या प्रश्नामुळेच.

१८/ बोलपटाने गाणे दिले, संवाद दिले, मराठी भाषेला पडदा दिला. हे ऋण मोठे आहे. परंतु त्याबरोबर गावचा पेटीवाला, पाटी वाचणारा आणि बहुभाषिक बाक हे तिन्ही गेले. ‘द आर्टिस्ट’ ताऱ्याच्या पतनावर रडवतो. पडद्याखाली बसून पोट भरणाऱ्या वादकाचे पतन त्यात जवळपास नाही. वऱ्हाडातील मूकपटाचा इतिहास लिहायचा, तर मुख्य पात्र तेच असायला हवे.

१९/ भाषेने मात्र एक पुरावा जपला आहे. वऱ्हाडात चित्रपटगृहाला आजही ‘टॉकीज’ म्हणतात. अकोल्यात माणेक टॉकीज, अमरावतीत चित्रा टॉकीज. पत्ता सांगतानासुद्धा टॉकीजचेच नाव घेतले जाते. हा शब्द मुळात ‘इथे चित्र बोलते’ अशी फुशारकी होती. मुका पडदा जिवंत होता तोवरच या फुशारकीला अर्थ होता. तो पडदा गेला, शब्द इमारतीला चिकटून राहिला. प्रत्येक ‘टॉकीज’च्या नावात एक मूकपट पुरलेला आहे.

२०/ दुसरा पुरावा धंद्याच्या भाषेत आहे. चित्रपटांच्या कमाईचे आकडे वाचणाऱ्यांना ‘सीपी बेरार’ हा विभाग परिचित असतो. मध्य प्रांत व वऱ्हाड हे राज्य १९५० मध्ये मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला. नकाशावरून ‘बेरार’ पुसले गेले, वितरकांच्या वहीत ते तसेच राहिले. वऱ्हाडचे इंग्रजी नाव आज रोजच्या वापरात कुठे असेल, तर ते सिनेमाच्या हिशेबात.

२१/ हे घडले रेल्वे आणि कापसामुळे. १८६७ मध्ये भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला आणि बडनेरा थेट त्यावर, अमरावती बडनेऱ्याहून फाट्याने जोडलेली. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून मुंबईला जात, त्यांवरूनच फितींच्या पेट्या येत. भुसावळ आणि अमरावती ही वितरणाची ठाणी झाली, त्यामागे हा भूगोल आहे. हंगामात कापूस विकून हातात रोकड आलेला शेतकरी बाजाराच्या गावी सिनेमाचा प्रेक्षक होई. पडद्याचे भाग्य बोंडावर अवलंबून होते.

२२/ ‘द आर्टिस्ट’मध्ये नायक वैफल्याने आपल्याच चित्रपटांची रिळे पेटवतो. नायट्रेटची फीत भडकते, घर पेटते, आणि तो एकच रीळ छातीशी धरून कोसळतो. प्रेक्षकांना हा प्रसंग भावनिक वाटतो. भारतीय चित्रपटासाठी तो जवळजवळ अहवाल आहे. फिती जळाल्या, उष्म्याने चिकटल्या, चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील आगीत उरलेल्या नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला.

२३/ भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतील तीसच्या आसपास उरले आहेत, तेही पुष्कळसे तुकड्यांत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तोवर बहुतेक काही गेलेलेच होते. पी. के. नायर यांनी गोळा केले म्हणून फाळक्यांचे जे थोडे दिसते ते दिसते. ‘राजा हरिश्चंद्र’ची उपलब्ध रिळे १९१३ ची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही.

२४/ परंतु चित्रपटांहून अधिक काही हरवले असेल, तर ती प्रेक्षकांची मते. १९२७-२८ मध्ये सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमॅटोग्राफ समिती नेमली. तिने शेकडो साक्षी घेतल्या. गांधीजींनी सिनेमा हे अनिष्ट असल्याचे कळवून उत्तर देण्याचे नाकारले. साक्षीदारांत अधिकारी, वकील, संपादक, चित्रपटगृहांचे मालक यांचीच गर्दी होती. ज्याच्या दोन आण्यांवर सारे चालले होते, त्या पुढच्या रांगेतल्या माणसाला ‘तुला काय आवडले?’ असे क्वचितच कुणी विचारले.

२५/ यावर एक आक्षेप रास्त आहे: चित्रपट म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, हाझानाविसियस यांनी वऱ्हाडचा हिशेब का द्यावा? खरेच, त्यांनी देऊ नये. त्यांनी हॉलिवूडला प्रेमपत्र लिहिले आणि ते उत्तम लिहिले. दोष पत्राचा नाही. दुसऱ्याच्या घरचे पत्र वाचून ‘आमचेही असेच होते’ म्हणणाऱ्याचा आहे.

२६/ मराठीत याचे जवळचे उदाहरण म्हणजे परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. तो बोलका आहे, रंगीत आहे आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला होता. प्रेक्षकांनी त्यावर प्रेम केले ते सरस्वतीबाई आणि मुलांसह चाललेल्या घरगुती उद्योगासाठी. तोही यशाच्या शिखरावर थांबतो. फाळक्यांचा शेवटचा मूकपट ‘सेतुबंधन’, एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ (१९३७) आणि १६ फेब्रुवारी १९४४ चा नाशिकमधील उपेक्षित मृत्यू पडद्याबाहेर राहतात. सुखान्त प्रेक्षकाचा हक्क असेल. इतिहासकाराला मात्र पुढची पाने उलटावी लागतात.

२७/ ही पाने कुठे शोधावीत? १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटगृहाला जिल्हा दंडाधिकाऱ्याचा परवाना सक्तीचा केला. म्हणजे अमरावती आणि अकोल्याच्या अभिलेखांत ती दप्तरे शोधण्यासारखी आहेत. ब्रिजलाल बियाणी यांच्या ‘मातृभूमी’सारख्या वऱ्हाडी वृत्तपत्रांतील जाहिराती पाहाव्यात. नगर वाचनालयांतील जुनी मासिके, घराघरांतील रोजनिश्या, दुकानांच्या जमाखर्चातील ‘सिनेमा, दोन आणे’ अशी एखादी ओळ: प्रेक्षकाचे मत पुष्कळदा एवढ्याच रूपात सापडते.

२८/ बोलपट येताना पाहिलेली पिढी आता जवळपास संपली. परंतु यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेली माणसे अजून वऱ्हाडच्या प्रत्येक गावात आहेत. महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. ते जग तोवर आवरत आले होते. एकपडदा चित्रपटगृहे बंद होत आहेत आणि त्यांबरोबर यंत्र चालवणाऱ्यांची, तिकिटे फाडणाऱ्यांची आठवणही जात आहे.

२९/ म्हणून ‘द आर्टिस्ट’ जरूर पाहावा, आवडला तर आवडला म्हणावे, कंटाळा आला तर तेही मोकळेपणाने म्हणावे. फक्त त्याला आजोबांची आठवण समजू नये. ती आठवण ज्यांच्याकडे आहे, त्यांना या दिवाळीच्या सुट्टीत तीन प्रश्न विचारावेत: पहिला सिनेमा कुठे पाहिला, तिकीट किती होते, आणि शेजारी कोण बसले होते? उत्तरे तारीख घालून वहीत उतरवावीत. रंगाचारियार समितीने जे विचारले नाही, ते विचारायला आता फार वर्षे उरलेली नाहीत.

(धागा समाप्त)